एक दोरी, दोन दुखणी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच. एका डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. राज्य लहान, पण राजा अंगानं चांगला भरलेला, आणि मनानं त्याहून मोठा.

ह्या राजाला चालताना कुणी बघत नसे. एके काळी तो चालायचा, पळायचा, झाडावरसुद्धा चढायचा. पण तरुणपणी काय झालं, गावच्या विहिरीत एक वासरू पडलं आणि राजा स्वतः आत उतरला. वासरू वर आलं, तोच विहिरीची कड ढासळली आणि एक धोंडा राजाच्या मांडीवर आला. वासरू वाचलं, राजाचं हाड मोडलं.

लोकांना फार वाईट वाटलं. सगळ्यांनी मिळून शपथ घेतली, "ज्या पायानं आपलं वासरू वाचवलं, तो पाय पुन्हा जमिनीला लागू द्यायचा नाही."

आणि पाळली हो, शपथ! राजानं पाय खाली ठेवायचा अवकाश, की माणसं धावत. कुणी उशी आणी, कुणी पाणी आणी, कुणी नुसतंच "नको महाराज, नको नको!" म्हणत हात जोडून उभं राही. हाड केव्हाच सांधलं होतं. पण ते कुणी विचारलंच नाही. फार माया असली की माणसं विचारायचं विसरतात.

तर राजासाठी एक पालखी होती आणि चार भोई होते. त्यांतला जो थोरला, पुढच्या दांड्याचा, त्याची ही गोष्ट.

थोरला भोई चालायला लागला, की पालखीतल्या तांब्यातलं पाणी हिंदकळत नसे. पण वर्षं गेली. राजा बसून बसून जड होत गेला, आणि भोयाचा खांदा जुना होत गेला. एके दिवशी सकाळी भोई मुंडासं बांधायला उभा राहिला, तर उजवा हात कानाच्या वर जाईचना.

"अगं," त्यानं बायकोला हाक मारली, "जरा मुंडासं बांध माझं."

"का? हात कुठं विसरून आलात?"

"आखडलाय जरासा."

"जरासा?" बायकोनं हात धरून वर केला, तसा भोई ओरडला. "हा जरासा होय!"

त्या दिवसापासून बायको रोज त्याला पाटावर बसवून मुंडासं बांधी, आणि हातासोबत तिचं तोंडही चाले. "उद्यापासून मिशांना पीळही मीच देऊ का? आधी सांगून ठेवा, म्हणजे लवकर उठेन."

भोई हसे. पण आतून त्याला हसू येत नव्हतं.

त्या राज्यात एक रीत होती. पावसाळा सरला, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी पेरायचे दिवस आले, की राजानं डोंगरमाथ्यावरच्या शेताच्या तुकड्यात पहिली मूठ पेरायची. वर शिंग वाजलं, की मग खाली सगळ्या शिवारात पेरणीच्या तिफणी चालायच्या. डोंगराच्या पायऱ्या अरुंद, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. चढताना पालखीचा भार मागच्या भोयांवर येतो. उतरताना मात्र तो सगळा पुढे येतो, आणि पालखी कलू नये म्हणून पुढच्याला दांडा डोक्याच्या वर तोलून धरावा लागतो.

आणि भोयाचा हात तर कानापाशीच अडत होता.

"सांगून टाका ना महाराजांना," बायको म्हणाली.

"कसं सांगू? ते वासरू माझ्याच बापाचं होतं." बायकोनं मुंडाशाचा शेवट नीट खोचला.

नदीकाठी एक म्हातारी आजी राहायची. अंग चोळण्यात, शेकण्यात, सांधे मोकळे करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्याकडे नुकतं जन्मलेलं बाळ येई, बाळंतीण येई, कुस्तीत लचकलेला गडी येई, आणि एखादे वेळी बैलही येई. आजी सगळ्यांनाच "राजा" म्हणे. बैलालासुद्धा.

भोई तिच्याकडे गेला. आजीनं कोमट तिळाचं तेल घेतलं, अंगठा खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडाखाली घातला आणि हळूहळू फिरवत राहिली. मग निर्गुडीचा पाला तव्यावर परतला, फडक्यात बांधला आणि शेक दिला. भोयाला इतकं बरं वाटलं, की तो बसल्या बसल्या घोरायला लागला.

पण दुसऱ्या दिवशी खांदा पुन्हा जसाच्या तसा. तिसऱ्या दिवशीही तेच.

आजी तेलाची वाटी खाली ठेवून म्हणाली, "माझ्या राजा, सकाळी मी गाठ सोडवते आणि दुपारी तू तीच गाठ घट्ट बांधून आणतोस. असं नाही चालायचं. तू तुझं ओझं आण बघू इथं. ओझं बघितल्याशिवाय खांदा कसा कळणार?"

"आजी, ओझं म्हणजे महाराज आहेत!"

"मग महाराजांना आण."

"मी त्यांना इथं कसा आणू?"

"म्हणजे? रोज खांद्यावर घेऊन हिंडतोस, आणि मलाच विचारतोस?"

दुसऱ्या दिवशी राजाची फेरी निघाली, तेव्हा थोरला भोई चौकात उजवीकडे वळायचा, तो डावीकडे वळला. पुढचा वळला म्हणजे पालखी वळणारच. आतून राजा म्हणाला, "आज वाट नवी दिसते."

"होय महाराज." भोई मागं न बघताच म्हणाला.

आजीच्या दारात पालखी टेकली. आजीनं ना मुजरा केला, ना काही. राजाची धोंडा पडलेली मांडी धरली आणि दाबून बघायला लागली. मागचे भोई दचकून दोन पावलं मागं सरले.

"आई गं! दुखतंय!" राजा म्हणाला.

"दुखणारच. पण माझ्या राजा, दुखणं दोन तऱ्हेचं असतं. एक म्हणतं, 'थांब.' दुसरं म्हणतं, 'हळू.' ज्याचं 'थांब' म्हणतं, त्याला उचलूनच न्यावं. तुझं मात्र 'हळू' म्हणणारं आहे. हाड चांगलं सांधलंय. पाय बसून बसून आखडलाय, एवढंच. आणि ऐक, आखडलाय तुझा पाय, पण दुखतोय ह्याचा खांदा."

राजानं भोयाकडे बघितलं. "काय रे? खरं?"

आता मात्र लपवायला जागा उरली नाही. भोयानं मान खाली घातली. "महाराज, हात वर जात नाही. ह्या वर्षी डोंगर उतरताना तुम्हाला सांभाळीन असं मला वाटत नाही. फार भीती वाटते."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

राजानं आपल्या मांडीवर हात ठेवला. मग खुदकन हसला. "अरे वेड्या, मला इतकी वर्षं चालून बघावंसं वाटतंय. पण तुम्हा लोकांना वाईट वाटेल म्हणून मीही बोललो नाही!"

आजीनं कपाळावर हात मारला. "शहाणेच आहात दोघे! चला, कामाला लागा."

राजवाड्यातल्या हत्तीखान्यात एक भक्कम तुळई होती. आजीनं तिच्यावरून एक दोरी टाकायला लावली. एक टोक दिलं भोयाच्या आखडलेल्या हातात आणि दुसरं टोक राजाच्या हातात. राजा बसला बुटक्या चौरंगावर.

"आता बघा," आजी म्हणाली. "भोयानं दोरी खाली ओढली, की राजाला उठायला आधार मिळतो. राजा हळूहळू बसला, की दोरी भोयाचा हात वर नेते. ह्याचं औषध त्याच्यापाशी, त्याचं ह्याच्यापाशी. घाई कुणी करायची नाही. 'थांब' ऐकू आलं की थांबायचं, 'हळू' ऐकू आलं की हळू. चला, उठा, बसा!"

मग काय सांगू तुम्हाला, त्या हत्तीखान्यात काय आवाज उठायचे!

"महाराज, हळू बसा, हात उपटतो माझा!"

"अरे तू आधी ओढ की! मी अर्ध्यातच लोंबकळतोय!"

"ओढतोय, ओढतोय! आज न्याहारीला काय खाल्लंत?"

"त्याच्याशी तुला काय करायचंय?"

"दोरीला विचारा, ती सांगेल!"

म्हातारी हत्तीण बाजूला उभी राहून त्यांच्या तालावर सोंड वरखाली करायची. आजी एकदा ह्याचा खांदा चोळी, एकदा त्याची मांडी चोळी, शेक देई, आणि मध्येच एखाद्या बाळाला पायांवर पालथं घालून तेल लावत बसे. "बघ राजा, बघ," ती बाळाला म्हणे, "हे दोघे तुझ्याएवढे झाले, की रांगायला लागतील."

पण बाहेर ही बातमी फुटली, आणि लोक गोळा झाले. कुणी डोळे पुसत होतं, कुणी रागावलं होतं. एक पाटील पुढे येऊन म्हणाला, "आजी, आम्ही शपथ घेतलीय. महाराजांना कष्ट पडता कामा नयेत." दुसरा भोई म्हणाला, "आणि महाराज चालायला लागले, तर आम्ही काय करायचं? पालखीत भोपळे वाहायचे?"

राजा चौरंगावरून उठला. दोरी धरून, भोयाच्या ओढीनं, पण आपल्या पायांवर. तो उभा राहिला आणि घामानं डबडबलेला असूनही असा काही हसला, की रडणारे रडायचे थांबले.

"बाबांनो," तो म्हणाला, "तुमची माया मी इतकी वर्षं खाल्ली, आणि बघा किती फुगलोय! आता थोडी जिरवू द्या. आणि भोपळे कशाला? पालखी गावाच्या वेशीवर ठेवा. ज्याचं दुखणं खरंच 'थांब' म्हणतं, त्याला आजीच्या दारी घेऊन जा. बाळंतीण असेल, म्हातारं असेल, पाय मोडलेला असेल. त्यांना कधी कुणी पालखी दिली होती?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. खरंच, कुणी दिली नव्हती.

मधल्या दिवसांत सगळं गोड झालं असं नाही. कधी राजाचा गुडघा सुजला, कधी भोयाचा खांदा इतका ठणकला, की त्यानं दोरी फेकून दिली. त्या दिवशी आजी रागावली नाही. तिनं दोघांना नदीच्या कोमट वाळूत बसवलं, अंगावर वाळू लोटली आणि म्हणाली, "आज नुसते बसा. बसणंही कामच आहे, रोज केलं नाही म्हणजे झालं."

पावसाळा सरला. शाळू पेरायचा दिवस उजाडला.

सगळं राज्य पायथ्याशी जमलं. पालखी आली, पण तिच्यात फक्त बियाण्याची टोपली होती. लोक म्हणाले, "आजी, तुम्ही तरी बसा हो पालखीत." आजी म्हणाली, "नको रे बाबा! चांगले गुडघे आहेत माझे, कशाला बिघडवता?"

राजा काठी टेकत पहिली पायरी चढला. खाली कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. तो चार पायऱ्या चढे, दगडावर बसे, भोयाशी काहीतरी बोले, हसे, परत उठे. थोरला भोई एक पायरी पुढे चालत होता. त्याच्या खांद्यावर आज काहीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या खांद्याची त्यालाच चुकल्या-चुकल्यासारखी जाणीव होत होती.

शेवटची पायरी उंच होती. राजा तिच्यापाशी थांबला. पाय थरथरत होते.

"कोणतं म्हणतंय, महाराज?" भोयानं वरून विचारलं. "थांब, की हळू?"

राजानं डोळे मिटून जरा ऐकल्यासारखं केलं. "हळूच म्हणतंय रे."

"मग दोरी समजून धरा."

भोयानं उजवा हात पुढे केला. राजानं तो धरला, भोयानं ओढला, आणि राजा माथ्यावर आला. वर वारा सुटला होता. राजानं बियाण्याच्या टोपलीतून मूठ भरून घेतली. तोच एका झोतानं राजाचं पागोटं सुटून खांद्यावर आलं. राजाच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात शाळवाची मूठ. आता बांधणार कसं?

भोई पुढे झाला. त्यानं दोन्ही हात वर केले. कानाच्या वर, डोक्याच्याही वर. आणि एकेक वेढा घालत राजाचं पागोटं नीट, घट्ट, बांधून दिलं.

राजानं पहिली मूठ पेरली. शिंग वाजलं. खाली शिवारभर तिफणी चालू लागल्या.

आणि पायथ्याशी भोयाची बायको पदरानं डोळे पुसत शेजारणीला म्हणत होती, "बघितलंस? आता स्वतःचं मुंडासं स्वतः बांधतील. पण खरं सांगू, मला रोजची ती बडबड आठवेल बाई."

उतरतानाही राजा चालतच उतरला. वेशीवरची पालखी पुढे कित्येक वर्षं आजीच्या दारी जात-येत राहिली. तिच्यातून जाणारे पुष्कळदा येताना आपल्या पायांनी येत. हत्तीखान्यातली ती दोरी मात्र तशीच राहिली, आणि सकाळ झाली की तिच्या दोन टोकांना कुणी ना कुणी दोघं लोंबकळत, हसत, भांडत असायची.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ह्या गोष्टीचं सांगणं एवढंच: ज्याला चालता येईल त्याला मायेनंही उचलून ठेवू नये, त्याला हात देऊन उभं करावं, म्हणजे त्याचे पाय आणि आपला खांदा दोन्ही बरे राहतात.