डोक्यात भरलेलं गाणं

कॉलेज सोडून घरी बसलेल्या उत्कर्षाने विकत घेतलेल्या सीडीतली गाणी खिशात मावणाऱ्या एमपीथ्री प्लेअरमध्ये भरली आणि कॉलनीभर फुशारकी मारली. झालं! कॉलनीतच राहणारे, संगीत कंपनीतले निमकरसाहेब दारात हजर.

"सीडी तुझी, पण गाणं कंपनीचं! सीडीतून काढून दुसरीकडे भरलंस, म्हणजे चोरी. प्लेअर जप्त!"

"साहेबांचं बरोबरच असणार," बाबा म्हणाले. साहेब दिसला की बाबांची मान आपोआप हलते.

प्लेअर खिशात टाकून साहेब चहाची वाट बघत बसले आणि टेबलावर ठेका धरून त्यातलंच एक गाणं गुणगुणू लागले.

उत्कर्षाने आनंदाने टुणकन उडीच मारली. "साहेब, हे सीडीतून काढून तुमच्या डोक्यात कुणी भरलं? प्लेअर न्या खुशाल, पण डोकंही जप्त करा!"

बाबांना हसून ठसका लागला. साहेबांनी खिशातून प्लेअर काढून टेबलावर ठेवला.

जिना उतरताना मात्र ते पुन्हा तेच गुणगुणत होते. सराईत चोर!