समोरची जोडीदारीण

“...मग मंत्र तरी द्या, आक्का! लेप झाले, काढे झाले, शेक झाले. कंबर काही सोडत नाही मला.”

आक्का मठाच्या पडवीत वाती वळत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

हेमलता चिडली. चिडणारच! नदीपलीकडून कण्हत-कुथत, डावा पाय घासत आलेली बाई ती. शिवाय आपल्याएवढं दुखणं पंचक्रोशीत कुणाचं नाही, याचा तिला थोडा तोराच होता.

“दिवाळीत लेकीचं बाळंतपण आहे. ऐन वेळी कळ आली आणि पोर माझ्या हातून सुटलं तर? नुसत्या धास्तीनं झोप लागत नाही हो मला.”

बोलता बोलता तिला रडू फुटलं.

“फुगडी घाल,” आक्का म्हणाल्या.

हेमलताचं रडणं जागीच थांबलं. “या वयात? अहो, मला वाकता येईना...”

“हळू घाल. इथं दुखणाईत बायका रोज घालतात.”

“आणि जोडीदारीण?”

“बरोबर आणलीयेस की. इतकी वर्षं कमरेवर घेऊन हिंडतेयस. आता समोर उभी कर.”

थट्टाच ही! पण हात हलवत परत जायचं तर घरी काय सांगणार? हेमलतानं पदर खोचला. ओल्या सारवणावर उभी राहिली, हातांची फुली केली आणि मोकळ्या हवेत पुढे धरली.

भर दुपार. चिटपाखरू नाही.

“मागं रेल,” आक्का म्हणाल्या.

“पडेन ना!”

आक्कांनी पुढची वात वळायला घेतली.

ती भीत भीत रेलली.

पडली नाही.

तिच्या हातांत हात होते. गार. तिच्याच मापाचे.

हेमलताच्या अंगावर सरसरून काटा आला. ओरडायला तोंड उघडलं, तोवर पाय फिरू लागले होते. आधी हळू. मग जरा जोरात. समोर कुणीच नव्हतं, पण बांगड्या दोघींच्या वाजत होत्या. कमरेतून कळ आली. समोरचे हातही तेवढेच थरथरले, पण सुटले नाहीत. मग कुणीतरी खळखळून हसलं.

ते हसू तिनं ओळखलं. लग्नाआधी ती अशी हसायची.

“आक्का, थांबवा!”

“मी कुठं फिरवतेय?”

हेमलता हळूहळू थांबली. हात मोकळे झाले. ती मटकन खाली बसली. डोळे वाहत होते, आणि मेलं हसूही आवरत नव्हतं.

“दुखतंय?” आक्कांनी विचारलं.

“दुखतंय की! पण...” तिनं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. “कळ आली, तरी हात सुटले नाहीत.”

आक्का पुन्हा वातींकडे वळल्या.

हेमलताची नजर सारवणावर गेली. पावलं दोन बायकांची होती. मापानं सारखी. फक्त एकीचा डावा पाय तिच्यासारखा घासत गेलेला. दुसरीची पावलं सरळ, पडवीच्या पायऱ्या उतरून नदीकडे गेलेली.

तिनं नदीकडे पाहिलं.

“आक्का... कोण होती हो ती?”

आक्कांनी हातातली वात पुरी केली.

“जाता जाता तीही मला हेच विचारून गेली.”