अंबादास खोडेच्या एकशे एक्याऐंशी कंपन्या

एका गावात एक भोळा शेअरमालक होता. हसू नका, असतात. शहरात तर जास्तच असतात, फक्त तिथं त्यांना गुंतवणूकदार म्हणतात. तर या आपल्या भोळ्याचं नाव अंबादास खोडे आणि गावाचं नाव बोरखेडी.

बोरखेडीचा रस्ता रुंद झाला. त्यात अंबादासची बांधाकडची पट्टी गेली आणि सरकारनं त्याच्या हातावर दोन लाख रुपये ठेवले. पैसे हातात पडायच्या आधीच त्याची बायको शेवंता म्हणाली, "मला पिठाची गिरणी पाहिजे."

तिचं काही चुकलं नव्हतं. बोरखेडीत गिरणीच नव्हती. गावातल्या बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर लांब पलीकडच्या गावी जायच्या, आणि तिथं गेल्यावर कळायचं की आज लाईट नाही. शेवंतानं हे बावीस वर्षं केलं होतं. तिची मान आता एकाच बाजूला वळायची. पण गिरणी, मोटर आणि विजेची जोडणी मिळून खर्च येत होता अडीच लाख. पन्नास हजार कमी पडत होते.

शेवंताचा थोरला भाऊ प्रभाकर तालुक्याला शेअर दलालाच्या हापिसात कामाला होता. तो म्हणाला, "दोनेक वर्षं थांब, शेवंते. पैसे शेअरात घालू. वाढले की गिरणी आण."

बेत चांगला होता. अडचण एकच होती. पैसे अंबादासच्या नावावर होते आणि अंबादास त्या घरचा जावई होता. दुसरा कोणी असता तर प्रभाकरनं त्याला चार शिव्या घालून सरळ केलं असतं. जावयाला शिवी देता येत नाही. जावई कितीही गाढव असला तरी त्याला 'अहो दाजी'च म्हणावं लागतं, आणि वर चहा पाजावा लागतो.

प्रभाकरनं चहा पाजला, मोबाईलवर खातं उघडून दिलं आणि सांगितलं, "दाजी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळा पैसा एकाच कंपनीत घालायचा नाही. वाटून टाकायचा. एक बुडाली तरी बाकीच्या राहतात."

"समजलं," अंबादास म्हणाला. "डोक्यात पक्कं बसलं."

अंबादासच्या डोक्याची हीच तर गंमत होती. तिथं गोष्ट बसायला वेळ लागत नसे. एकदा बसली की मात्र ती उठत नसे.

तो घरी आला. मोबाईलवर कंपन्यांची यादी उघडली. पहिल्या नावापासून सुरुवात केली आणि प्रत्येक कंपनीचा एक-एक शेअर घेत गेला. कोणावर अन्याय नको. तीन दिवस हेच काम. 'ए' अक्षराच्या सगळ्या कंपन्या झाल्या, 'बी' सुरू झालं आणि पैसे आटले. मोजल्या तर एकशे एक्याऐंशी कंपन्या भरल्या. त्यातल्या निम्म्या काय बनवतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि काही कंपन्यांनाही ठाऊक असेल याची खात्री नव्हती.

त्याच आठवड्यात त्याला ताप आला. डॉक्टरांनी दहा गोळ्या दिल्या. अंबादासनं त्या तळहातावर घेऊन बराच विचार केला. मग दोन स्वतः घेतल्या, दोन शेवंताला दिल्या, दोन शेजारच्या गोदाक्काला आणि उरलेल्या चार गोळ्या बैलांना चारल्या.

"अहो, ताप तुम्हाला आलाय ना?" शेवंता ओरडली.

"आलाय. पण सगळं औषध एकाच पोटात घालायचं नसतं. एका पोटात वाया गेलं तरी बाकीच्या पोटांत राहतं."

ताप नऊ दिवस राहिला. बैल मात्र ठणठणीत होते.

इकडं एकशे एक्याऐंशी कंपन्यांचे निरोप मोबाईलवर यायला लागले. कोणाची सभा, कोणाचा हिशोब, कोणाचा दीड रुपया लाभांश. अंबादास प्रत्येक निरोपाला 'पोचला, सगळे बरे आहेत ना?' असं उत्तर पाठवायचा. सकाळची न्याहारी दुपारी व्हायला लागली. दुपारचं जेवण राहून जायला लागलं. शेवटी शेवंतानं भावाला फोन केला.

प्रभाकर आला. त्यानं यादी वाचली. घटाघटा तांब्याभर पाणी प्याला. "अहो दाजी," तो म्हणाला, "हे काय केलंत? साबणवाला, सुतळीवाला, बुडीत निघालेला, सगळे गोळा केलेत. एवढ्यांकडं कोण बघणार? आपल्यासारख्या लहान माणसानं दहा-बारा कंपन्या ठेवाव्यात. बारा म्हणजे डोक्यावरून पाणी. ज्या धंद्यातलं आपल्याला कळतं त्याच ठेवायच्या. बाराच्या पुढं सांभाळता येत नाही."

"समजलं. डोक्यात पक्कं बसलं."

पुढच्या पौर्णिमेला घरात सत्यनारायण होता. शेवंतानं साठ माणसांचा स्वयंपाक केला होता. अंबादास दारात उभा राहिला आणि आत जाणारी माणसं मोजायला लागला. बारा झाली तशी त्यानं कडी लावली.

बाहेर गलका उठला. तेराव्या नंबरला त्याची सासू होती. चौदाव्या नंबरला भटजी होते.

"जावईबापू, दार उघडा!" सासू म्हणाली.

"नाही जमायचं, आई," अंबादास आतून म्हणाला. "बाराच्या पुढं सांभाळता येत नाही. तुमच्याच मुलानं सांगितलंय."

तो मुलगा पंधराव्या नंबरला ओसरीवर उभा होता. पूजा भटजींशिवाय सुरू झाली. प्रभाकरनं खिडकीतून अंबादासचा मोबाईल मागून घेतला. निदान इथं तरी बारा आहेत का बघू, असं त्याला वाटलं. बारा होत्या. अगदी मोजून बारा. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं नावं वाचली.

बाराही कंपन्या साखरेच्या होत्या.

"दाजी," खिडकीचे गज धरून प्रभाकर म्हणाला, "या सगळ्या साखरेच्याच कशा?"

"ज्यातलं कळतं त्याच ठेवा म्हणालात. माझं आयुष्य उसात गेलं. मला दुसरं काय कळतं?"

उत्तर बाजारानं दिलं. त्याच महिन्यात साखरेचे भाव कोसळले आणि बाराही शेअर एकाच सकाळी, एकाच वेळी, एकमेकांचा हात धरल्यागत खाली आले. दोन लाखांचे एक लाख साठ हजार झाले. शेवंतानं तो आकडा ऐकला आणि ती चुलीपुढून उठलीच नाही. "माझी गिरणी गेली," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी डबा डोक्यावर घेऊन ती तीन किलोमीटर चालत गेली, आणि तिथं लाईट नव्हती.

प्रभाकरला बहिणीची दया आली आणि दाजींचा राग आला. दया दाखवता येत होती. राग दाखवता येत नव्हता. त्यानं पुन्हा चहा पाजला.

"अहो दाजी, बारा नावं घेतलीत, पण धंदा एकच झाला ना! कंपन्या अशा घ्यायच्या की एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नको. एक पडली तर दुसरी उभी राहिली पाहिजे. बारा नको, दहाच घ्या, पण दहा तऱ्हेच्या घ्या."

"समजलं. डोक्यात पक्कं बसलं."

या वेळी अंबादास घरी न जाता सरळ बाजाराला गेला. म्हणजे गुरांच्या बाजाराला. त्याच्याकडं दोन बैल होते. दोघं एकाच वाणाचे, एकाच गोठ्यातले, वर सख्खे भाऊ. केवढा हा धोका! त्यानं एक बैल दिला आणि त्याच्या बदल्यात रेडा आणला. दुसऱ्या दिवशी दोघांना एकाच जुवाला जुंपून शेतात उतरला. बैल बांधाकडं ओढायचा, रेडा डबक्याकडं. दुपारी औत डबक्यात होतं, रेडा पाण्यात निवांत बसला होता, आणि बैल काठावर उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याकडं बघत होता.

"काय हे, अंबादास?" कोणी विचारलं की तो म्हणायचा, "बघा, एक बसलाय, पण दुसरा उभा आहे की नाही?"

पण खरी नवलाची गोष्ट पुढंच आहे. रात्री त्यानं साखर विकली आणि दहा नव्या कंपन्या घेतल्या. एक औषधांची, एक ट्रॅक्टरची, एक तारांची, एक बँक, एक बिस्किटांची, अशा दहा. एकीचा दुसरीशी संबंध नाही आणि दहाही चांगल्या. हे त्याला कसं जमलं ते कोणालाच कळलं नाही, त्याला तर मुळीच नाही. प्रभाकरनं यादी तीनदा वाचली. त्याचे डोळे भरून आले.

"दाजी, पाया पडतो," तो म्हणाला. "आता याला हात लावू नका."

"समजलं. डोक्यात पक्कं बसलं."

अंबादासनं मोबाईल फळीवर ठेवला आणि हात लावला नाही. मोबाईल वाजायचा, तो बघत बसायचा. मावसभावाच्या लग्नाचा निरोप त्याला बारशाला कळला. अडीच वर्षं तो मोबाईल फळीवर होता. या अडीच वर्षांत बाजार दोनदा पडला, तीनदा चढला. टीव्हीवर कोट घातलेली माणसं रोज सकाळी घ्या म्हणून ओरडली आणि रोज दुपारी विका म्हणून ओरडली. शहाण्यांनी घेतले, विकले, पुन्हा घेतले आणि हात पोळून बसले. अंबादासचे पैसे वाढत राहिले, कारण मालकाला बाजारात काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

शेवटी प्रभाकरनंच येऊन मोबाईल खाली काढला, चार्ज केला आणि हिशोब लावला. दोन लाख साठ हजार! शेअर विकले, पैसे बँकेत आले. शेवंता भावाच्या गळ्यात पडून रडली. मग तिनं खोली सारवली, दाराला तोरण बांधलं आणि गावभर सांगून आली की शुक्रवारी गिरणी येणार, पहिलं दळण फुकट.

"गिरणी आणायला मी जातो," प्रभाकर म्हणाला.

अंबादासचा चेहरा पडला. "म्हणजे तुमचा जावयावर भरवसा नाही तर. ठीक आहे. आमचा मान तो एवढाच."

झालं! सासू पदर डोळ्याला लावून म्हणाली, "प्रभाकर, जावयाला असं बोलतात होय?" प्रभाकरनं बँकेतून आणलेले पैसे मुकाट दाजींच्या हातात दिले. पण या वेळी त्यानं शहाणपणा केला. काही म्हणजे काही शिकवलं नाही. सल्ला नाही, सूचना नाही. फक्त म्हणाला, "दाजी, गिरणी घेऊन या."

शुक्रवारी सकाळपासून शेवंताच्या दारात बायकांची रांग लागली. ज्वारीचे डबे, गव्हाचे डबे, बाजरीचे डबे. गोदाक्कानं तर हळद-कुंकवाचं ताट आणलं. दुपारी टेंपो आला. पुढं अंबादास बसला होता, फेटा बांधून. शेवंतानं नारळ फोडला आणि प्रभाकरनं मागची ताडपत्री ओढली.

आत लोखंडाचा ढीग होता. एका कंपनीची मोटर होती, दुसऱ्या कंपनीचा पट्टा होता. खालचा दगड एका गिरणीचा होता, वरचा दुसऱ्या गिरणीचा, आणि तो खालच्याच्या दुप्पट होता. धान्य ओतायचं तोंड तिसऱ्याच यंत्राचं. मोजून दहा वस्तू, दहा दुकानांतल्या. परत घेणार नाही असा शिक्का प्रत्येक पावतीवर.

रांगेतल्या बायकांनी डबे खाली ठेवले. प्रभाकरनं पट्टा उचलून मोटरला लावून पाहिला. गळून पडला. दगड लावून पाहिला. बसला नाही. मग त्यानं दाजींकडं पाहिलं.

"काय बघताय, प्रभाकरराव?" अंबादास टेंपोतून उतरत म्हणाला. "दुकानदार एकाच कंपनीची सगळी गिरणी गळ्यात मारत होता. मी काय खुळा आहे? दहा कंपन्या घेतल्या, मोजून दहा." मग तो शेवंताकडं वळला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू निश्चिंत राहा. काल दिवसभर फिरून एक-एक पारखून घेतलंय. कशाचाही कशाशी काडीचा संबंध नाही!"