साहेबाचा शब्द आणि राहीचे घोडे

साहेबाच्या एका शब्दाने राहीची नोकरी जायची वेळ आली. पागा पाहून गेलेल्या इंग्रज एजंटाने राजेसाहेबांना लिहिलं होतं, "तुमची पागेवाली कामात डेसल्टरी आहे."

असला शब्द दरबारात कुणाच्या बापाने ऐकला नव्हता. राजेसाहेबांनी राहीला समोर उभं केलं आणि गोगटे मास्तरांना बोलावलं. राजपुत्रांना इंग्रजी तेच शिकवत.

"मूळ लॅटिनातला, सरकार," मास्तर म्हणाले. "जुन्या रोममध्ये खेळातले स्वार घोडे जोडीने पळवायचे, आणि पळता पळता ह्यावरून त्यावर उडी घ्यायचे. त्या उडीवरून शब्द आला. पुढे अर्थ फिरला. आता एकही काम धड न करता उड्या मारणाऱ्याला तसं म्हणतात."

राहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप गेल्यापासून सहा घोडे ती एकटी सांभाळत होती. ती कारण सांगायला गेली, तर हट्टी राजेसाहेबांनी हात वर केला.

"उद्यापासून एक घोडा पुरता करायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. आणि सहाही घोडे दुपारच्या आत तयार हवेत. नाहीतर घरी बस."

"जशी आज्ञा, सरकार," राही म्हणाली. "पण हुकूम इतका चांगला, तर एकट्या पागेलाच का? सगळ्या राजवाड्याला लागू करावा."

राजेसाहेब खुलले. "केला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले, तर पानात नुसता गार भात.

"आमटी कुठाय?"

"डाळ आत्ताच चढवलीय, सरकार," आचारी गणूभट चाचरत म्हणाला. "ती झाली की भाजी चिरायला घेतो. पोळ्या दिवेलागणीपर्यंत होतील."

"अरे, भात शिजतोय तोवर भाजी चिरता येत नाही?"

सहापैकी दोनच घोडे झाल्याची वर्दी घेऊन राही दाराशी उभी होती. "चिरली असती तर गणूभट डेसल्टरी ठरले असते, सरकार," ती म्हणाली.

राजेसाहेबांनी वळून पाहिलं. राही हात जोडून पुढे आली. "धावून आलेल्या घोड्याला घाम वाळेपर्यंत पाणी पाजता येत नाही. तेवढ्यात मी दुसऱ्याला खरारा करते. रोमचा तो स्वारसुद्धा पहिला घोडा सोडून द्यायला उडी घेत नव्हता, सरकार. त्याला दोन्ही पळते ठेवायचे होते."

राजेसाहेब ठसका लागेपर्यंत हसले.

"मास्तर, साहेबाला लिहा, तुमचा शब्द अगदी बरोबर आहे. आम्ही फक्त अर्थ रोमचा धरला!"

त्यांनी राहीला पागेची मुख्य केलं, हाताखाली दोन मोतद्दार दिले, आणि गणूभटाला सगळ्या चुली एकदम पेटवायला सांगितलं.