दोनदा घातलेले वाटे

निवडणूक जवळ आली की कुणीतरी माझ्या ओट्यावर येऊन बसतं आणि म्हणतं, काका, ती नूरशा बाबांची सांगा ना. एरवी कुत्रं फिरकत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, नकाशे-बिकाशे मला कळत नाहीत. तरी सांगतो, नाहीतर तुम्ही उठायचे नाहीत. मध्ये बोलायचं नाही.

“पण रेघ ओढल्यानं कुणाचं काय जातं, बाबा?”

श्रीरंग घोलपानं हे विचारलं तेव्हा तकियाच्या, म्हणजे बाबांच्या मठीच्या, अंगणात पिराच्या जेवणाचा, कंदुरीचा बोकड कापून झाला होता. नूरशा फकीर निंबाखाली बसून पायाला तेल चोळत होते. श्रीरंग त्यांचा चेला. गुरुवार चुकवायचा नाही. शिकून इंजिनिअर झालेला, आणि ते विसरू न देणारा.

त्या साली नगरपालिकेचे वॉर्ड नव्यानं पाडले होते. पार्टीनं श्रीरंगला घरी नकाशा आणून दिला. त्यानं पेन्सिलीनं रेघा मारल्या, कचेरीतल्या कुणीतरी त्या शाईनं गिरवल्या. झालं.

“समजावून सांग,” बाबा म्हणाले. “मला रेघेतलं कळत नाही.”

श्रीरंग खूश झाला. समजावून सांगायला त्याला फार आवडायचं. त्यानं काटकी घेतली आणि मातीत गाव काढलं.

“गेल्या वेळी आम्हाला मतं कमी पडली, त्यांना जास्त. म्हणून पालिका त्यांची. बरोबर?”

“बरोबर.”

“आता मतं तेवढीच राहू देत. इकडचा एक माणूस तिकडं होऊ नये. तरी पालिका आमची.”

“ती कशी?”

“त्यांची माणसं स्टेशनाकडं दाट आहेत. ती सगळी एका वॉर्डात कोंबली. तिथं ते दणकून निवडून येतील. येऊ देत की! दणकून आला काय, एका मतानं आला काय, नगरसेवक एकच. बाकीच्या वॉर्डांत मग आम्हाला रान मोकळं.”

“आणि ही आपली पिंजारगल्ली?”

काटकी जरा अडखळली.

“ही… तीन वॉर्डांत गेली. वरचं टोक बाजारपेठेला जोडलं, मधलं वाण्यांच्या आळीला, खालचं माळावरच्या नव्या प्लॉटांना.”

“पालिकेत गल्लीचा एक माणूस असायचा.”

“आता नसेल,” श्रीरंग म्हणाला. खोटं बोलला नाही, तेवढं त्याच्या पदरात टाकतो. “पण मी कुणाचं मत काढून घेतलं का? एकाचंही नाही. ज्याचं मत त्याच्याच हातात. फक्त कुणाच्या शेजारी बसून ते टाकायचं, तेवढं मी ठरवलं.”

बाबा मातीकडे बघत राहिले. एक कोंबडी आली आणि माळावरच्या प्लॉटांतून चालत गेली.

“हुशार आहेस.”

“तुमची कृपा.”

“माझी कशाला त्यात ओढतोस…? बरं, अडलंय कुठं?”

“उद्या नकाशावर हरकती द्यायचा शेवटचा दिवस. खातूनबी घरोघर फिरतेय. सगळी गल्ली एकदम कचेरीवर गेली तर नकाशा बदलावा लागेल. आणि नकाशा बदलला की माझं तिकीट गेलं. अध्यक्षांनी तोंडावर सांगितलंय.” श्रीरंग पुढं सरकला. “तुम्ही एक शब्द टाका, बाबा. जाऊ नका म्हणा. तुमच्या शब्दाबाहेर गल्ली नाही.”

बाबांनी तेलाची बाटली बंद केली.

“आधी एक काम कर. आज वाटे तू घाल.”

कंदुरीचं अर्धं मटण तिथंच हंड्यात शिजायचं. उरलेल्याचे, गल्लीतल्या दर घराला एक, असे कच्चे वाटे पडायचे. वाटे घालायचं काम दरवर्षी हुसेन खाटकाचं.

“मी?”

“गाव वाटलंस. बोकड काय जड आहे? आणि एक वाटा तुझाही धर. तू घरचाच.”

हुसेननं सुरी पुसली आणि ताडपत्रीवरून बाजूला झाला.

“या साहेब. पँट तेवढी वर घ्या.”

बायामाणसं हंड्यापाशी होती. श्रीरंगकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं गल्ली डोळ्यांपुढं आणली आणि घरांच्या ओळीनं ढीग मांडायला सुरुवात केली.

पहिलं घर खातूनबीचं. नवरा गेल्यापासून गल्लीच्या वतीनं तीच भांडते. तिच्या ढिगात मांडी आणि कलेजी. खाईल आणि गप्प बसेल. तिच्या मागं मागं फिरणाऱ्या दोन घरांना चांगले गोळे. पुढची घरं मुकाट माणसांची, त्यांना हाडं आणि चरबी. खालच्या टोकाची मतं नव्या प्लॉटांत बुडणारच होती, त्यांना मान आणि खूर. स्वतःसाठी त्यानं मगजानं भरलेली नळी ठेवली, आणि ती दिसू नये म्हणून वर दोन बरगड्या.

हात भराभर चालले. असल्या कामात त्याचा हात धरणारा गावात नव्हता.

“झालं, बाबा!”

“झालं? बरं… खातून, ये. बस.”

खातूनबी आली. डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. वाट्यांकडे पाठ. हुसेन उकिडवा झाला आणि त्यानं पहिल्या ढिगावर बोट धरलं.

“हा कुणाचा?”

“हे काय चाललंय?” श्रीरंगनं विचारलं.

“वाटप, दुसरं काय?” हुसेन म्हणाला. “बोट माझं, तोंड तिचं. तिला ढीग दिसत नाही. तिच्या तोंडी ज्याचं नाव येईल, वाटा त्याचा. आमच्यात असंच असतं.”

श्रीरंगनं कंदुरी कित्येक वर्षं खाल्ली होती. वाटे पडताना कधी पाहिले नव्हते. साहेब यायचे ते ताट वाढल्यावर.

त्यानं ढिगांवरून नजर फिरवली. कलेजी. नळी. आणि तो खुरांचा ढीग… तो कुणाच्याही पदरात पडू शकत होता.

“सांगू का?” भिंतीकडून आवाज आला. “पहिला…”

“थांबा!”

हंड्यातला चमचासुद्धा थांबला.

“जरा… चुकलंय. मी परत घालतो.”

हुसेनचं बोट तसंच होतं. नजर मात्र सगळे ढीग फिरून आली होती, आणि त्याचा जन्म मटण कापण्यात गेलेला.

“साहेब, हे खूर कुणाला काढले होते हो?”

श्रीरंग पँटीवरचा डाग पुसू लागला.

“थांबायला कशाला सांगितलं, भाऊ?” खातूनबी तोंड न वळवता म्हणाली. “आज तुम्ही पाहुणे. पहिलं नाव तुमचंच घेणार होते.”

पहिला ढीग म्हणजे कलेजीचा… अंगणात एकच हशा झाला. श्रीरंगचे कान लाल झाले. पण त्यानं हात घातला आणि सगळे ढीग एकात मिसळून टाकले.

या वेळी तो मांडी घालून बसला. पँटीचं काय व्हायचं ते होवो. इकडचा तुकडा तिकडं ठेवला. मग परत इकडं. कलेजीच्या फोडी केल्या, एकेक सगळीकडं घातली. गुर्दा घेऊन बराच वेळ बसून राहिला.

“नळी फोडू का?” त्यानं हुसेनला विचारलं.

“फोडा. नाहीतर एकट्याच्याच घरी जाईल.”

फोडली. उठून या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. एका ढिगातली बरगडी काढली, दुसऱ्यात ठेवली, नाही पटलं, परत काढली. वाट्यांना उशीर झाला म्हणून गल्लीतली माणसं पातेली घेऊन तकियाच्या दारात येऊन उभी राहिली. कुणी घाई केली नाही. बाबांचे डोळे मिटलेले होते. झोपले होते की काय, देव जाणे.

शेवटी आपण कोणता उचलावा, हे श्रीरंगलाच कळेना. तेव्हा त्यानं हात आवरला.

“हा कुणाचा?” हुसेननं सुरू केलं.

“मेहबूबच्या घरचा.”

“हा कुणाचा?”

“माझा.”

मधेच कुठंतरी श्रीरंगचंही नाव आलं. कोणत्या ढिगावर आलं, हे त्यानं बघितलं नाही.

तो निंबाखाली आला. कोपरापर्यंत हात भरलेले.

“बाबा… उद्याचं काय? गल्लीला काय सांगणार तुम्ही?”

बाबांनी डोळे उघडले. दारात अजून माणसं होती. पातेली भरली होती, तरी कुणी हललं नव्हतं.

“मी कशाला सांगू? तू आज दोनदा वाटे घातलेस. दुसऱ्यांदा का घातलेस, तेवढं त्यांना सांग… आणि मग घरी जा.”