नव्या कटरचा आवाज

सखोबा मेस्त्रींनी पंचवीस वर्षं दौलतशेठच्या वखारीत रंधा मशीन चालवलं. त्याची लांब, सरळ पाती फळीवर आदळली की मशीन नुसतं किंचाळायचं. मेस्त्रींनी तक्रार केली की शेठ हसून म्हणत, “होईल सवय!”

यंदा दसऱ्याला शेठनी मशीनला नवं कटर बसवलं. त्याची बारकी पाती नागमोडी ओळीत एकामागून एक लाकडाला लागत, त्यामुळे आवाज अगदी कमी. जमलेल्या पाहुण्यांसमोर शेठनी ऐटीत विचारलं, “सांगा मेस्त्री, आवाजात फरक किती?”

शेठच्या ओठांवरची नजर मेस्त्रींनी खाली वळवली. नातीचे पहिले बोलही त्यांनी असेच, ओठांवर पाहिले होते.

“काहीच नाही, शेठ,” ते म्हणाले. “जुनंही मला सहा वर्षं असंच मुकं होतं. तुम्ही म्हणाला होतात ना, तशी झाली सवय.”