तांबडसड्याला घरचं विरजण का चालत नाही

तांबडसड्याला संध्याकाळी पाचला येऊन बघा. शाळा सुटल्यासारखी घराघरांतून माणसं बाहेर पडतात आणि प्रत्येकाच्या हातात रिकामी वाटी असते. कुणाची स्टीलची, कुणाची पितळेची, एखाद्याकडे आइस्क्रीमचा डबा. सगळ्या वाट्या एकाच घरी जातात. चाळीस उंबऱ्यांचं गाव, घरोघर फ्रिज आलेत, पण विरजण म्हणून घरचं दही कुणी वापरत नाही. ते त्या एका घरातूनच आणायचं. आणि दारात उभं राहून घेतलेलं विरजण लागत नाही, दूध तसंच राहतं, असं मानतात. आत जायचं, बूड टेकायचं, विचारलं त्याला उत्तर द्यायचं, मग वाटी पुढं करायची. पावणे हसतात. हसू द्या. ऐकून झाल्यावर हसलेला अजून कुणी बघितला नाही.

फार मागची गोष्ट सांगतात. तेव्हा सड्यावर, या उघड्या पठारावर, नुसता कातळ, गवत आणि म्हशी. गावाच्या वरच्या अंगाला आवडाआजी राहायची. नवरा गेलेला. एकुलता मुलगा गलबतावर खलाशी म्हणून गेला तो परत आला नाही. घरात ती आणि एक म्हातारी म्हैस. पण आजीला कधी एकटं वाटलं नव्हतं म्हणे, कारण गावचा पाण्याचा झरा तिच्या घराच्या वर होता. बायका हंडे घेऊन तिच्याच अंगणातून जायच्या. जाताना एक थांबायची, येताना दुसरी. कुणाचं पोर रडतंय, कुणाच्या कोंबड्या मुंगसानं नेल्या, कोण सासूशी भांडली, सगळं आजीला घरबसल्या कळायचं.

मग गावानं खाली देवळापाशी विहीर खणली. चांगलंच केलं, वाईट काय त्यात. पहिल्याच वर्षी बावीस हातांवर गोडं पाणी लागलं, नारळ फोडले, आजीनंही खाली जाऊन गूळ वाटला. त्या दिवसापासून तिच्या अंगणातून कुणी गेलं नाही. ठरवून नाही, कुणी रागावलंही नव्हतं. नुसतं काम राहिलं नाही. दोन पावसाळ्यांत त्या वाटेवर गुडघाभर गवत झालं.

एके दिवशी सकाळी आजी म्हशीला हाक मारायला गेली तर आवाजच फुटला नाही. घसा खाकरला, पाणी प्यायली, तेव्हा कुठं घोगरा आवाज आला. मग ती पायरीवर बसून आठवायला लागली, आपण शेवटचं कुणाशी बोललो. आठवलं, त्याला महिना होऊन गेला होता. ती घाबरली. मरणाला घाबरली नाही. मेल्यावर आपण मेलोय हे कळायलाही कुणी येणार नाही, याला घाबरली.

त्याच आठवड्यात खालच्या आळीतल्या एका बाईच्या दह्याला मांजरीनं तोंड लावलं. शेजारणीचंही संपलेलं, म्हणून ती विरजण मागत आजीकडं चढली. बसली, दम खाल्ला, घटकाभर बोलली आणि वाटी घेऊन गेली. त्या दुपारी आजी दीड भाकरी जेवली म्हणे. आणि जेवता जेवता तिच्या डोक्यात ते आलं.

दुपारी गाव रिकामं असायचं. माणसं म्हशींमागं सड्यावर, दारं नुसती लोटलेली. विरजण लावलेलं दूध शिंक्यावर टांगलेलं. आजी पदराखाली आगळाची कुपी घेऊन निघाली. आगळ म्हणजे रातांब्याचं, कोकमाच्या फळाचं, खारवलेलं आंबट पाणी, लालभडक. एका घरात दोन थेंब, दुसऱ्या घरात दोन थेंब, असं घरोघर फिरून माघारी. संध्याकाळी दूध नासलेलं. दही नाही तर दुसऱ्या दिवसाला विरजण नाही. अख्ख्या गावात चांगलं दही एकाच घरी. सत्तर वर्षांच्या बाईनं हे केलं, हे लक्षात ठेवा, आणि पोरांना उगाच नावं ठेवू नका.

वाट्या यायला लागल्या. एक, चार, नऊ. आजी प्रत्येकीला आधी बसवायची. "दमलीस गो, टेक जरा. पोराचा खोकला गेला काय?" असं विचारून मग उठायची, तेही सावकाश. वाटेवरचं गवत तुडवून तुडवून आडवं झालं. आजीचा आवाज परत आला.

हे असंच चाललं असतं. पण एके दुपारी भुवडांच्या घरात आजीच्या हातातली कुपी कलंडली आणि अर्धी मडक्यात रिकामी झाली. संध्याकाळी भुवडिणीनं झाकण काढलं तर दूध फुटलेलं आणि तांबडं.

तिनं हंबरडा फोडला. दुधात रक्त उतरलं म्हणून गाव गोळा झालं. रोज जेवणात सोलकढी ओरपणारी माणसं, वर्षातून दोन महिने ज्यांचे हात रातांबे फोडून लाल असायचे ती माणसं, त्या मडक्याभोवती उभी राहिली आणि एकालाही रंग ओळखता आला नाही. आता बोलायला सोपं आहे. पण दुधात आगळ कोण घालेल? जे कुणी करतच नाही ते कुणाला दिसतही नाही. मग एकेकाला आठवायला लागलं. दूध नासायला लागलं त्याला महिना झाला. भुवडांची सून वेणू लग्न होऊन आली त्यालाही महिनाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी देवळात कौल लावला. कौल म्हणजे गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून विचारतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोमा गुरवानं विचारलं, "आई वाघजाई, हा दोष नव्या माणसाच्या पायानं आला असंल तर उजवा दे." बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी कळी पडली.

वेणूला माहेरी पाठवायचं ठरलं. परत आणायचं कुणी बोललं नाही. सतरा वर्षांची पोर, ती खांबाला टेकून उभी होती. रडत नव्हती. आवडाआजी बायकांत मागं बसली होती. तिनं कळी पडताना बघितली होती. गाव पांगायच्या आधीच ती चढाला लागली.

घरी येऊन ती नुसती बसून राहिली. गप्प राहिलं की झालं, हे तिला कळत होतं. कुणाला संशय नव्हता. वाट्या येत राहिल्या असत्या, तिच्या मरणापर्यंत. बोललं की गाव तोंड फिरवणार, आणि या खेपेला विसरून नाही, ठरवून. पोर गेली तर तिला दुसरं कुणी तरी असेल, आईबाप असतील, असंही तिनं मनाला सांगून बघितलं. पण नवऱ्यानं टाकलेली पोर माहेरच्या पडवीत कशी बसते हे तिला ठाऊक होतं. तिच्याशी कोण बोलतं, किती बोलतं, हेही ठाऊक होतं.

वेणूचा भाऊ न्यायला आला त्या सकाळी देवळाच्या अंगणात सगळे जमले. वेणूचं बोचकं बांधून तयार होतं. आवडाआजी सावकाश चढ उतरून खाली आली. एका हातात दुधाचा तांब्या, दुसऱ्या हातात कुपी. ती सरळ अंगणाच्या मधोमध गेली, तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर त्यात कुपी उपडी केली.

दूध फुटलं. तांबडं झालं.

 गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, पुढं झाला, त्यानं बोट बुडवून चाटलं.

"आगळ हाय," तो म्हणाला.

"मीच घालीत होते," आजी म्हणाली. "सगळ्यांच्यात. पोरीला कशाला घालवता?"

सोमा गुरवाचं तोंड उतरलं. "मग आईनं उजवा कसा दिला, काकी? आई खोटं सांगंल?"

"ती माझ्याकडं बघत होती रे. मी बोलते का न्हाय, ते बघत होती."

गावकरानं धोतराला बोट पुसलं. "पण का केलंस हे? आम्ही तुझं काय वाईट केलं?"

"काय केलं न्हाय. तुम्ही यायचं बंद झालात."

"मग सांगायचं होतंस. आलो असतो आम्ही."

"आला असतात," आजी म्हणाली. "एक दिवस सगळी आला असतात. दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं? मागायला काय नसंल तर माणूस कशाला चढ चढंल?"

 वेणूचं बोचकं तिच्या नवऱ्यानं उचलून घरात नेलं. बाकीचे आपापल्या घरी गेले. आजीला कुणी शिवी दिली नाही, दंड केला नाही. तिच्याकडं कुणी बघितलंही नाही. ती एकटी चढ चढून वर गेली.

नऊ दिवस कुणी आलं नाही. आता घरोघरचं दही चांगलं लागत होतं, कुणाला गरज नव्हती. आणि माणसं चिडलेली होती, तेही खोटं नाही. आजी रोज दुधाला विरजण लावायची, संध्याकाळी पायरीवर बसायची आणि सकाळी ते दही म्हशीच्या आंबोणात ओतायची. आडवं झालेलं गवत हळूहळू पुन्हा उभं राहायला लागलं.

दहाव्या दिवशी, ऊन उतरल्यावर, चढावर वेणू दिसली. हातात वाटी.

"आजी, विरजण द्या."

आजीनं तिच्याकडं बघितलं. "तुमच्यात हाय की दही."

"नासलं."

"मी न्हाय हो आले ह्या खेपेला. देवीची आण."

"ठाव हाय," वेणू म्हणाली. "मीच नासवलं. आगळ घातलं दोन थेंब."

आजीनं तिच्या हातातली वाटी घेतली. मग म्हणाली, "बये, तुझ्या सासूला कळलं तर पुन्हा बोचकं बांधंल तुझं."

"सासूबाईंनीच कुपी काढून दिली," वेणू म्हणाली, आणि न विचारता पायरीवर बसली. "म्हणाल्या, जा, मला अजून तोंड दाखवायला होत न्हाय, तू जा. आणि लगेच उठू नको."

ती त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीचं दूध नासलं. तिसऱ्या दिवशी गावकराचं. असं सांगतात की त्या आठवड्यात तांबडसड्यातल्या एकाही घरात दही लागलं नाही, आणि सगळ्यांनी एकमेकांना मोठ्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, काय करणार, नासलं बुवा.

आवडाआजी त्यानंतर अकरा वर्षं जगली. गेली तेव्हा घरात पाच जणी होत्या. तिचं दह्याचं मडकं वेणूनं उचललं, पण आपल्या घरी नेलं नाही. त्याच वर्षी ज्याची बायको गेली होती त्या सोमा गुरवाच्या ओटीवर नेऊन ठेवलं.

आजही तांबडसड्याला नवी नवरी आली की पाचव्या दिवशी सासू तिच्या हातात आगळाची कुपी देते आणि चांगलं लिटरभर दूध नासवायला लावते. माहेरची माणसं हे बघून हबकतात, एकदोघांनी तर गाडी काढायला सांगितली होती. मडकं फुटलं की नवं येतं, पण मान तोच. गावात जो एकटा पडेल त्याच्या ओटीवर ते जातं. सध्या ते अनंत गोरिवल्यांकडं आहे. तिरसट म्हातारा. मडकं नेलं तेव्हा त्यानं सांगितलं, मला कुणाची गरज नाही, उचला ते. मडकं नेणाऱ्यांनी काही ऐकलं नसल्यासारखं केलं. पहिल्या संध्याकाळी सदतीस वाट्या गेल्या. गोरिवल्यांनी दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, एवढ्या जणांना बसायला मी चटया कुठून आणू?

पोरांनी चटया घरून आणल्या होत्या.